लाल चासी आणि आप्पांची लॅम्ब्रेटा

अमळनेरच्या आमच्या घरात सध्या एकच वाद चालू आहे: आप्पांच्या लॅम्ब्रेटाचं काय करायचं? आप्पा म्हणजे माझे थोरले काका. ते गेल्यापासून स्कूटर धाब्याच्या घराच्या ओसरीत गोणपाटाखाली उभी होती. एक दिवस भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला आणि घरात दोन पक्ष पडले. चुलतभावाला ती दोन रंगांत रंगवून, जिथे जमेल तिथे क्रोम चढवून वरातीत मिरवायची आहे. त्याच्या मुलाला, म्हणजे पुण्यात शिकणाऱ्या माझ्या पुतण्याला, ती ‘ओरिजिनल इटालियन’ करायची आहे: मूळ लॅम्ब्रेटा बनवणाऱ्या मिलानच्या इनोचेंती कंपनीचा बिल्ला, बाहेरून मागवलेली सीट, मिलानच्या रंगतक्त्यातला रंग. मी इटलीत कोमो सरोवराकाठी नोकरी करतो, म्हणून दोघांनीही मला पंच केलं. माझं मत दोघांच्याही विरुद्ध पडलं.

ते तसं का पडलं, याचं कारण मांदेल्लो देल लारिओ या गावातल्या एका गॅरेजात आहे. मोटो गुझी या मोटारसायकलींचा कारखाना 1921 पासून याच गावात आहे. गॅरेजवाले गृहस्थ निवृत्त मेकॅनिक. त्यांच्याकडे 1971 च्या सुमाराची वी7 स्पोर्ट आहे, तीही पहिल्या तुकडीतली, लाल चासीची, म्हणजे लाल सांगाड्याची. कारखान्याच्या प्रायोगिक विभागात हातांनी जोडलेल्या अशा गाड्या दीडशेच्या आसपासच निघाल्या. त्यांची चासी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाची. पुढच्या गाड्यांना साध्या पोलादाची काळी चासी आली. लिनो तोंती या इंजिनिअरने इंजिनाच्या डोक्यावरचा डायनॅमो काढून पुढे क्रँकच्या टोकाला अल्टरनेटर बसवला, त्यामुळे टाकी एवढी खाली बसली. गाडी नुसती उभी असली तरी पळत असल्यासारखी दिसते ती त्यामुळे.

आता काळ्या चासीला लाल रंग फासून तिप्पट भाव सांगणारे महाभाग इटलीतही आहेत. त्यामुळे उडालेला जुना रंग आणि चासीवर ठोकलेला नंबर हाच गाडीचा जन्मदाखला. पावडर कोटिंगचा जाड थर दिला की नंबराच्या कडा बुजतात. म्हणून या गृहस्थांनी चासी नुसती पुसली, गंज लागला होता तिथे मेण चढवलं आणि थांबले. पोपटी टाकीवरचा पोचासुद्धा तसाच आहे.

पण हेच गृहस्थ सिलिंडर बदलायला अजिबात कचरले नाहीत. मूळ सिलिंडर अ‍ॅल्युमिनियमचे, आतून क्रोम चढवलेले. वय झालं की ते क्रोम पापुद्र्यांनी सुटतं आणि तेलात उतरतं. या इंजिनात तेलाला बदलायचा फिल्टर नाही, नुसती जाळी आहे. पापुद्रे फिरत राहिले की बेअरिंगांचा निकाल लागलाच म्हणायचा. त्यांनी नव्या लेपाचे सिलिंडर बसवले, जुने तेलकट कागदात गुंडाळून चिठ्ठी लावून फळीवर ठेवले, आणि काय केलं ते वहीत तारखेनिशी लिहिलं. चालवायला जे लागतं ते बदला, दिसायला जे आहे ते राहू द्या, बदललेलं लपवू नका, एवढंच त्यांचं शास्त्र. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचा ट्यूरिन चार्टर, म्हणजे सनद, साधारण हेच सांगतो. तो ज्या 1964 च्या व्हेनिस चार्टरवर बेतला आहे, त्यात वास्तूंबद्दल एक कडक अट आहे: जिथून अंदाज सुरू होतो, तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे.

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा चुलतभाऊ म्हणाला, “तू तठे बठीसन ग्यान सांगस, आठे खर्च कोन करस?”

त्याचं चूक नाही. इथे इटलीत पेन्शनर लोकांकडे बंद गॅरेज आहे, वेळ आहे, पार्ट मिळतात. 30 वर्षं उलटलेल्या गाडीला रस्त्याचा नेहमीचा वार्षिक कर माफ असतो. आणि इथलं सगळंच डोक्यावर घ्यावं असंही नाही. प्रमाणपत्राचा सोस इतका, की कित्येक गाड्या पैठणीसारख्या वर्षातून एकदाच बाहेर निघतात. आप्पांची लॅम्ब्रेटा बोरी नदीच्या पात्राकाठच्या धुळीत, पारोळा-चोपड्याच्या रस्त्यांवर आयुष्यभर राबली. माझ्या लेखी ती त्या मेणचट गाड्यांपेक्षा जास्त अस्सल आहे.

म्हणूनच पुतण्याचा बेत मला भावाच्या क्रोमपेक्षाही जास्त खटकतो. त्याला मडफ्लॅपवरचं ‘श्री सखाराम महाराज प्रसन्न’ काढायचं आहे, कारण ते मिलानच्या कारखान्यातून आलेलं नाही. अरे, पण गाडी तरी कुठे मिलानहून आली होती? ती मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने काढलेली. तिला इनोचेंतीचा बिल्ला लावणं म्हणजे काळ्या चासीला लाल रंग देणंच झालं. आप्पांनी ते अक्षर सखाराम महाराजांच्या वाडी संस्थानाच्या यात्रेत रंगवून घेतलं होतं. फूटबोर्डला वेल्डिंग करून बसवलेली दुधाच्या कॅनची कडीही त्याच काळातली. तो या गाडीचा खानदेशातला इतिहास आहे.

हे कळायला खरं तर इटलीला यायची गरज नव्हती. अमळनेरहून धुळं तासाभरावर. इतिहासाचार्य राजवाडे गावोगावची दप्तरं धुंडाळत हिंडले आणि 1926 मध्ये धुळ्यातच गेले. तिथल्या त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात जा आणि वाळवीने खाल्लेला मोडी कागद फेकून त्याची गुळगुळीत नक्कल ठेवा, असं सांगून बघा! कागदाच्या बाबतीत जे आपल्याला पटतं, ते हेमाडपंती देवळाच्या दगडाला ऑइलपेंट फासताना का आठवत नाही, हे मला कोडंच आहे.

कायदाही या वेळी आमच्या बाजूने आहे. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांपेक्षा जुनं, मूळ रूपात राखलेलं आणि मोठे फेरफार न झालेलं वाहन ‘व्हिंटेज’ ठरतं. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो; ‘व्हीए’ मालिका नव्या नोंदणीसाठी आहे. फक्त रोजच्या वापराला किंवा धंद्याला ती रस्त्यावर काढता येत नाही. म्हणजे वरातीचं भाडं घ्यायचा भावाचा विचार तिथेच अडतो. आप्पांचं आरसी बुक मात्र आधी वारसांच्या नावावर करावं लागेल. गाडीपेक्षा तो कागद जपा, असं मी पहिल्या दिवसापासून सांगतोय.

बाकी काम फार नाही. खानदेशातल्या कोरड्या उन्हाने पत्रा वाचलाय. सरोवराच्या दमटपणात तो कधीच गेला असता. गेलंय ते रबर. पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, तेव्हा नळी आणि कार्बोरेटरची रबरं त्याला टिकणारी घ्यायची. टायर, केबल, ब्रेक शू नवे. सिलिंडर जळगावच्या लेथवाल्याकडून बोअर करून वरच्या मापाचा पिस्टन. रंगाला हात लावायचा नाही. भावाने एवढं मान्य केलंय, सीटचं फाटलेलं रेक्झिन सोडून.

पुतण्याने मात्र नवी कुरापत काढली आहे. त्याला पुढे डिस्क ब्रेक हवा. लॅम्ब्रेटानेच 1962 मध्ये टीव्ही 175 या मॉडेलला डिस्क दिला होता, असं म्हणतो. हे खरं आहे. पण आप्पांच्या गाडीला ड्रमच होता, असं मी उलट लिहिलंय. अजून उत्तर आलेलं नाही.