दर आठवड्याला न चुकता लेख कसा लिहावा

नियमित लिहायचंय ना? मग आधी चारचौघांत जाहीर करून टाका, की आपला लिहिण्याचा वार अमुक. वार कळला की लोकांना नेमकं त्या दिवशी यायला सोपं जातं.

मी गुरुवार धरला. आमच्या साप्ताहिकाला मजकूर रात्री दहापर्यंत लागतो. सांगलीत राहून, दत्ताच्या नृसिंहवाडीच्या वाटेवर घर असून लिहायला गुरुवार धरणारा माणूस किती हुशार, ते तुम्हीच ठरवा.

पहाटे उठून लिहा. (पाणी त्याच वेळी येतं, ते आधी भरा.)

घरच्यांना विश्वासात घ्या. मी घेतलं. तेव्हापासून सिलिंडरवाला आला की "तू घरातच आहेस ना?"

आणि दार उघडं ठेवा. लावून बसलात तर कुणी कामात आहे म्हणत नाही, "बरं नाही का?" म्हणून विचारायला येतात. गेल्या गुरुवारी साडेसातला पहिली ओळ जमली. पुढचा लेखही दिसायला लागला होता. तेवढ्यात नात्यातले एक काका नृसिंहवाडीहून परतताना "जाता जाता" आले. हातात कवठाच्या बर्फीचा पुडा. "तुमचं चालू द्या, मी आपला बसतो." बसले. पंखा कमी करायला लावला. मग गुडघा, गुडघ्याचे मिरजेतले डॉक्टर, पुतण्याचं लग्न का मोडलं, आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट. पुलाचं बरं असतं हो, ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, माणसं वेळेत सामान हलवतात. माझ्या हॉलमध्ये तशी पट्टी रंगवलेली नाही. पावणेदहाला उठले आणि चपला घालता घालता दारात आणखी वीस मिनिटं. लेख राहिला.

रविवारी भडंगाच्या दुकानात हेच काका, चार गिऱ्हाइकांसमोर: "काय ओ लेखक, ह्या खेपेला दांडी? सातत्य पाहिजे बघा! टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, तुम्हाला घरात बसून दोन पानं होईनात?"

तर घ्या, शेवटची युक्ती काकांचीच: तुरुंगात जा. टिळक १९०८ ते १९१४, सहा वर्षं आत होते. १९१०-११ च्या एका हिवाळ्यात शिसपेन्सिलीनं अख्खा ग्रंथ लिहून काढला. हाल कमी नव्हते, ते मला कळतं. पण कोठडीला कडी बाहेरून होती, आणि ती काढून "तुमचं चालू द्या" म्हणत बर्फी घेऊन आत येणारं कुणी नव्हतं!

बास झाली थट्टा. काका, आणि काकांसारखेच तुम्ही सगळे, डॉक्टर पेशंट तपासत असताना खुर्ची ओढून गुडघ्याच्या गप्पा मारता का? मग लिहिणाराच तुम्हाला रिकामा कसा दिसतो? खिडकीबाहेर बघत बसलेला असला तरी तो कामच करत असतो. खिशात एवढा महागाचा फोन आहे, त्यावरून यायच्या आधी एकदा विचारता येत नाही? आणि वाचता तरी का? दुकानात काकांना विचारलं, आधीचा लेख कसा वाटला. "वाचायचाय अजून. सगळे साठवून ठेवलेत." लाज वाटायला पाहिजे. न वाचलेल्या लेखाची दांडी मोजता!

शुक्रवारी या, जेवायलाच या. आज गुरुवार आहे आणि सात वाजून गेलेत. बेल वाजली तरी मी उठणार नाही. बर्फी कडीला अडकवून जा.