लेबर रूममध्ये तिचं माणूस हवं

आपल्याकडे एक गंमत आहे. बाळ झाल्याझाल्या वॉर्डात आत्या, माम्या, शेजारच्या काकू, नवऱ्याच्या ऑफिसातले दोघं, कुणाचं तरी शेंबडं पोर, सगळे आत. चपला घालून आत. न धुतलेल्या हातांनी बाळाचे गाल ओढतात, तोंडावर फ्लॅश मारून फोटो काढतात आणि कुणी हूं की चूं करत नाही. पण त्याआधी तासन्‌तास बाई कळा सोसत असते, तेव्हा मात्र तिच्या सख्ख्या आईलाही दाराबाहेर बसवतात. कारण विचारलं की म्हणे इन्फेक्शन होतं!

चुलतबहिणीच्या लेकीच्या वेळी परवा हेच पुन्हा पाहिलं आणि डोकं तडकलं, म्हणून लिहायला बसले. पोस्ट लांबणार आहे. ज्यांना 'बायकांचे विषय' वाटतील त्यांनी तर जरूर वाचावी.

माझं पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, तालुक्याच्या गावात. दवाखान्याचं नाव घेत नाही. डॉक्टरबाई हुशार, हाताला यश होतं, आजही आईच्या ओळखीतल्या बायका तिथेच जातात. पण लेबर रूम म्हणजे दोन टेबलं आणि मधे अर्धामुर्धा पडदा. पहाटे पाणी गेलं म्हणून मला नेलं. आईने दारापर्यंत हात धरला होता, तो दारातच तिथल्या मावशींनी सोडवला. गाऊन चढवला, सलाईन लावलं, त्यातून कळांचं इंजेक्शन सोडलं आणि बजावलं, पडून राहायचं, उठायचं नाही.

ज्यांनी सोसल्या नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कळ कंबरेतून निघते, पुढे ओटीपोटाला आवळत येते, शिगेला जाते आणि ओसरते. ओसरली की मधल्या दोन-चार मिनिटांत बाई अगदी शहाण्यासारखी बोलू शकते, नळ टपकतोय तो बंद करा असंही सांगू शकते. मग पुढची कळ. इंजेक्शनच्या कळांमधे ही उसंत फारच थोडी मिळते. अशा वेळी उभं राहावंसं वाटतं, ओणवं व्हावंसं वाटतं, भिंतीला कपाळ टेकवावंसं वाटतं. ते सगळं सोडून मी उताणी, छताकडे बघत. मला फक्त कुणीतरी कंबर दाबून हवी होती. दुसरी काही मागणी नव्हती. सिस्टर एकटी, तिच्यामागे दोन टेबलं, वॉर्ड आणि फोन. ती कुणाकुणाची कंबर दाबणार?

पडद्यापलीकडे एक कोवळी पोर होती, माझ्यासारखीच पहिलटकरीण. ती ओरडायला लागली तेव्हा मावशी जे बोलल्या ते लिहावं की नाही असा विचार केला. लिहितेच. "तेव्हा गोड लागलं ना? मग आता कशाला बोंबलतेस?" हे वाचून कित्येकींना आपापली लेबर रूम आठवेल, शब्द थोडे इकडेतिकडे असतील इतकंच. पोरगी गप्प झाली, गाऊनची बाही दातात धरून राहिली. आणि मला कुणी काही बोलायच्या आधीच मीही आवाज गिळला.

तिची आई तिथे असती तर मावशींची हे बोलायची टाप झाली असती का? मला वाटतं, सगळी गोम इथेच आहे. आपलं माणूस आत असलं की पाठ चोळली जाते, पाणी मिळतं, हे तर खरंच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तिथे कुणीतरी बघणारं असतं. बघणारं असलं की बोलणाऱ्याची जीभ आपोआप जागेवर राहते.

बाहेर नवरा मेडिकलच्या खेपा घालत होता. हातमोजे आणा, ब्लेड आणा, टाक्यांचा दोरा आणा. त्यातल्या प्रत्येक वस्तूची किंमत त्याला आजही सांगता येते. आत काय चाललंय हे मात्र बाळ रडल्याचा आवाज येईपर्यंत त्याला कुणी सांगितलं नाही.

आता मुद्द्याचं. आत आपलं माणूस असणं हा काही लाड नाही. केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने फेब्रुवारी २०१६ मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला परवानगी दिली आहे. अटीही साध्यासरळ आहेत. ती बाई स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गजन्य आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, शेवटपर्यंत थांबायची तयारी असावी, स्टाफच्या कामात लुडबुड करू नये आणि दुसऱ्या बाळंतिणीकडे जाऊ नये. जिथे आडोशाची नीट सोय आहे तिथे नवऱ्यालाही घेता येतं. पुढच्याच वर्षी लेबर रूम सुधारण्यासाठी 'लक्ष्य' कार्यक्रम आला, त्यातही बाळंतिणीला मानाने वागवण्यावर भर आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वं तर आणखी पुढे जातात. सोबतीला माणूस असावं आणि ते तिच्या पसंतीचं असावं. कळा येत असताना बाईला हिंडू-फिरू द्यावं. जोखीम नसेल तर खाऊपिऊ द्यावं. सरसकट टाके पडतील असा छेद घेऊ नये. आणि बाळ खाली सरकावं म्हणून वरून पोट दाबू नये. शेवटची ओळ वाचून ज्यांच्या बरगड्या दुखल्या असतील त्यांना माझा नमस्कार.

कागदावर सगळं आहे. पण जिचा नववा महिना भरत आलाय तिला किंवा तिच्या सासूला हे कुणी सांगतं का? खाजगी दवाखान्यांत तर ज्याची त्याची मर्जी.

यामागे शास्त्रही आहे. बाई घाबरली की अंगात ॲड्रेनलिन वाढतं आणि कळा मंदावू शकतात. मग इंजेक्शनचा जोर वाढवा, मग कळा आणखी असह्य, मग ती आणखी घाबरलेली. २०१७ साली १७ देशांतले २६ अभ्यास, मिळून १५ हजारांवर बायका, एकत्र तपासले गेले. पूर्णवेळ सोबत मिळालेल्या बायकांत नॉर्मल बाळंतपणं जास्त, सिझर कमी, कळांचा वेळ थोडा कमी आणि नंतर 'फार वाईट अनुभव आला' म्हणणाऱ्याही कमी. आपल्या देशात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सरकारी दवाखान्यांतलं सिझरचं प्रमाण १४.३ टक्के निघालं आणि खाजगीतलं ४७.४ टक्के. गरज असताना केलेलं सिझर जीव वाचवतं, त्याबद्दल तक्रारच नाही. पण ज्या सिझरच्या मागे 'आता नाही सहन होत, कापा एकदाचं' एवढंच कारण असतं, त्यातली काही तरी एका ओळखीच्या हाताने टळली असती.

हे वाचून कुणीतरी म्हणणारच की पूर्वी घरीच व्हायचं, सुईण यायची, आजी उशाशी बसायची, किती छान होतं. अजिबात छान नव्हतं. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी झालेलं बाळ दहा दिवसांत गेलं, तिथून त्यांच्या डॉक्टर होण्याची सुरुवात झाली आणि १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंधही प्रसूतिशास्त्रावरच लिहिला. आपल्या घराघरांत अशी एखादी अडलेली बाई होऊन गेलेली असते, जिचा फोटोही नसतो. आज महाराष्ट्रात १०० पैकी जवळपास ९५ बाळंतपणं दवाखान्यात होतात. २०१८-२० च्या आकड्यांनुसार देशात एक लाख जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, आपल्याकडे ३३. ही दवाखान्यांची, आशाताईंची, नर्सबाईंची कमाई आहे आणि त्यावर मी पाणी सोडायला सांगत नाहीये. दवाखान्यातच जा. आजीला तेवढं बरोबर न्या.

दुसऱ्या खेपेला मी पुण्यात होते आणि सातव्या महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. एका बाईला आत घेतो म्हणाले. नवरा चालेल का, तर तोही चालेल म्हणाले. घरी आले आणि सांगितलं, थोरल्या जाऊबाईंना घेणार. घरात शांतता. सासूबाईंना वाटलं त्यांचा मान होता, आईला वाटलं तिचा. नवऱ्याचा चेहरा मात्र असा खुलला की लपवता लपवेना. तो रक्त पाहून घेरी येणाऱ्यांतला आहे, त्याला आत घेऊन मी कळा सोसू की त्याला सांभाळू?

नवऱ्याने आत असावं की नाही यावर हल्ली फार हिरीरीने बोललं जातं. व्हिडिओ पाहिले की वाटतं, नवऱ्याने हात धरून डोळे पुसले नाहीत तर प्रेमच नाही. ज्यांचं तसं जमतं त्यांचं कौतुकच आहे. पण निवड तिची हवी. सासूची नको, डॉक्टरांची नको, रील बघून तर नकोच. कुणाला आई हवी असेल, कुणाला मैत्रीण. कुणाला खरंच एकटीला राहायचं असेल, तेही ठीक.

जाऊबाई, म्हणजे आमच्या ताई, कमी बोलणाऱ्या. आत आल्या, हात कोपरापर्यंत धुतले, केस बांधले आणि कळ आली की माझ्या माकडहाडाच्या जरा वर तळहाताचा गादीकडचा भाग रोवून असा काही दाब द्यायच्या की निम्मी कळ तिथेच जिरायची. कळ ओसरली की घोटभर पाणी. मधे एकदा मी "माझ्याच्याने नाही होणार" म्हणाले तर म्हणाल्या, "होतंय की अगं, आणि काय व्हायचं असतं?" बस्स. ओरडावंसं वाटलं तेव्हा ओरडले, मोठ्याने, आई गं करून. कुणी काही बोललं नाही.

बाळ बाहेर आलं आणि तसंच माझ्या छातीवर ठेवलं. ओलं, गरम, अंगावर लोण्यासारखा पांढरा थर, नाळ अजून ठोके देत होती. नाळ लगेच कापली नाही, मिनिटभर थांबले. तेवढ्या वेळात वारेतलं रक्त बाळाकडे जातं आणि पुढे त्याच्या लोहाला त्याचा उपयोग होतो. पहिल्या वेळी मला बाळ लांबून दाखवलं होतं, पाय वर धरून, 'बघ मुलगी आहे' म्हणून, आणि थेट गुंडाळून बाहेर पाठवलं होतं. माझ्याआधी तिला बाहेरच्या दहा जणांनी घेतलं. या वेळी डोकं वर करायची धडपड करत ते स्वतःच छातीशी तोंड घासायला लागलं. ताईंनी नुसता तळवा त्याच्या पाठीखाली धरला. पहिल्या तासात अंगावर पाजायचं म्हणतात ते असं आपोआप होऊन गेलं, वार पडून टाके घालून होईस्तोवर.

ताईंचा खरा उपयोग तर त्यानंतर झाला. वॉर्डात आल्यावर एक नातलग मधाचं बोट घेऊन पुढे आल्या. चीक जड असतो, आधी मध चाटवा, अशी त्यांची पद्धत. माझ्यात बोलायचं त्राण नव्हतं. ताईंनी सरळ सांगितलं, "डॉक्टरांनी मनाई केलीय, वर्षाचं होईपर्यंत मध नाही. आणि चीकच पाजायचाय, तेच तर त्याचं पहिलं औषध." त्या नातलग रुसल्या, बारशाला घुगऱ्या खाऊन गेल्या, मिटलं.

दवाखान्यांची बाजूही मला ठाऊक आहे, माझी मावसबहीण नर्स आहे. एकीला आत घेतलं की पाच येतात. कुणी मोबाइल काढतं, कुणी सिस्टरला शिकवायला लागतं, काही बरंवाईट झालं की काचा फुटतात. डॉक्टरांवरचे हल्ले रोखायला राज्याला २०१० मध्ये वेगळा कायदा करावा लागला, तो काही उगाच नाही. पण तिचंच म्हणणं असंही आहे की जिचं माणूस आत असतं आणि सगळं डोळ्यांनी बघतं, तिच्या घरचे सहसा भांडायला येत नाहीत. बंद दाराबाहेर बसलेल्यांच्याच मनात नाही नाही ते येतं. आणि पडदे? एवढी मशिनं येतात, दोन टेबलांमधे छतापासून जमिनीपर्यंत कापड लावायला कितीसा खर्च येतो!

तेव्हा ज्यांच्या घरी कुणाला दिवस गेलेत त्यांनी डोहाळजेवणाचा मेनू ठरवायच्या आधी डॉक्टरांना हे विचारून टाका: आत कोण येऊ शकतं, किती वेळ, नवरा चालतो का, उठून फिरू देता का. 'बघू तेव्हा' असं उत्तर आलं तर ते नाही समजा आणि पुन्हा विचारा. सरकारी दवाखाना असेल तर २०१६ च्या परवानगीचं नाव घ्या, नाव घेतलं की फरक पडतो. जी आत जाणार तिलाही आधी एकदा तपासणीला बरोबर न्या, म्हणजे ती ओळखीची होते. तिने पोटभर जेवून जावं, नखं कापावीत, बांगड्या काढाव्यात, फोन बाहेर ठेवावा. आणि ज्या दवाखान्यात आपलं माणूस आत घेतात त्याचं नाव खाली गावासकट लिहा. कराड, मिरज आणि इचलकरंजीचं विचारायला मला आधीच तिघींचे मेसेज आलेत.