वॉर्डभर श्वास २०च?

टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाची नोंद) उघडावा तर मिनिटाला श्वास काय, दम्याचा म्हातारा २०, न्यूमोनियाचं लेकरू २०, कालची बाळंतीण बी २०! अरे नर्सिंगच्या पोरांनो, मोजा की जरा. नाडीवरची बोटं न काढता, पेशंटला न सांगता छातीकडं बघायचं. सांगितलं की माणूस श्वास बदलतोच. अन् पूर्ण ६० सेकंद. १५ सेकंद मोजून चारनं गुणलं तर एक श्वास चुकला की चाराचा फरक. पेशंट बिघडायला लागला की बऱ्याचदा बीपीच्या आधी श्वासच वाढतो, अन् नेमका तोच आकडा टेबलावर बसून भरायचा!

परभणीच्या मे महिन्यात खिडकीत तापलेला पाऱ्याचा थर्मामीटर ९५च्या खाली न झटकताच काखेत. मग सगळ्या वॉर्डाला ताप. जाड दंडाला बीपीचा बारका कफ (पट्टा), म्हणून बीपी चढलेलं.

केअर प्लॅनचं (पेशंटची काय काळजी घेतली ते लिहायची फाइल) तर विचारूच नका. पोस्टिंगला आठ जण, बेड मेकिंगला दोघं, फाइल सबमिशनच्या आदल्या रात्री मात्र आठही हजर. दुसऱ्याची फाइल उतरवायची तर निदान वाचून तरी उतरवा! हर्नियाच्या आजोबांना ‘स्तनपानाबद्दल मार्गदर्शन केले’?