पिकअप

खंबाटकी घाटाच्या दुसऱ्या वळणावर आम्हाला एका टेंपोनं मागं टाकलं. टेंपोत तीन म्हशी होत्या. दोघी पुढं तोंड करून निवांत उभ्या होत्या, तिसरी मात्र मागं वळून थेट माझ्याकडं पाहत होती. फाळक्यावर लिहिलं होतं, 'बघतोस काय, मुजरा कर'. माझा उजवा पाय ॲक्सिलरेटर घेऊन पार तळाशी गेला होता; आणखी दाबला असता तर रस्त्याला लागला असता. काटा पस्तिसावर. मागं काळ्या धुराचा लोट, आणि त्या लोटाच्या मागं हॉर्न वाजवणारे दहाएक लोक.

"अहो," बायको म्हणाली, "मी उतरून चालू का थोडं? तेवढंच वजन कमी."

इंजिनचं काम करून गाडी ताब्यात घेतल्याला त्या दिवशी नऊ दिवस झाले होते.

त्याआधीची कथा थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात माझीच अब्रू जाते. बॉनेटखालच्या बाटलीतलं कूलंट कमी होत होतं आणि मी वरून पाणी टाकत होतो. संपलं की टाकायचं, टाकलं की संपायचं, हा व्यवहार मी तीन महिने विनातक्रार चालवला. मग एक दिवस ह्याच घाटात टेंपरेचरचा काटा लाल पट्टीत जाऊन बसला. हेड गॅसकेट उडालं होतं. इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड ह्यांच्या मधे हा पातळ पत्रा असतो. पाण्याला पाण्याच्या, तेलाला तेलाच्या आणि जाळाला जाळाच्या जागी ठेवणं हे त्याचं काम. तो गेला की सगळे एकमेकांच्या घरात शिरतात. मिस्त्रींनी ऑइलची पट्टी बाहेर काढून दाखवली, तेव्हा तिच्यावर अमृततुल्यच्या चहाचा रंग होता.

हेड उतरलं, लेथवर जाऊन प्लेन होऊन आलं. गॅसकेट नवं, बोल्ट नवे. "आता खोललंच आहे तर" टायमिंग चेनचं किटही नवं. 'आता खोललंच आहे तर' हे गॅरेजमधलं सगळ्यात महागडं वाक्य आहे. तीन आठवडे आणि ४१,८०० रुपये. त्यातला पहिला दिवस एवढ्यासाठी लक्षात आहे, की मिस्त्रींनी विचारलं होतं, "साहेब, गाडीत एखादं फडकं आहे का?" आणि मी डिकीत हात घालून जे लागलं ते देऊन टाकलं होतं. इतक्या मोठ्या ऑपरेशनला आपलाही हातभार लागला, ह्याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

गाडी परत आली तेव्हा जागेवर उभी असताना इतकी गोड चालत होती, की पार्किंगमध्ये पाच मिनिटं मी नुसता आवाज ऐकत बसलो. अडचण एवढीच, की गाडी जागेवर उभी ठेवण्यासाठी घेतलेली नसते. पहिल्या चढावर तिसरा टाकला आणि तिनं मान टाकली. पूर्वी दोन हजार आरपीएमला पाठीत एक धक्का बसायचा, टर्बो जागा झाल्याची खूण. आता धक्का बसला तो मागच्या रिक्षाचा.

"नवीन काम आहे साहेब," मिस्त्री म्हणाले. "सेट व्हायला वेळ लागतो. हजार किलोमीटर काढा."

रिंगा-पिस्टन बदलले असते तर ह्याला काही अर्थ होता. इथं फक्त हेड उतरून परत चढलं होतं. त्यात सेट होण्यासारखं काय, हे मला कुणी सांगितलं नाही. शिवाय जी गाडी धायरीचा पूल धापा टाकत चढते, तिनं हजार किलोमीटर काढायचे कुठं? मी तिला वाईला, सासुरवाडीला न्यायचं ठरवलं. म्हशींची भेट त्याच प्रवासातली.

गाडीला पिकअप नसणं ही खाजगी गोष्ट राहत नाही. मधुमेहासारखंच आहे, कळलं की प्रत्येकाकडं त्यावर उपाय असतो. बी विंगमधल्या नानांनी डिझेल फिल्टर बदलायला लावला. बदलला. जुना फिल्टर कापून आत पाहिलं, तर तो माझ्यापेक्षा सुस्थितीत होता. ऑफिसातल्या एकानं छातीठोकपणे ईजीआर सांगितला. हा ईजीआर म्हणजे इंजिननं सोडलेला थोडा धूर पुन्हा इंजिनलाच ओढायला लावणारा व्हॉल्व्ह. नायट्रोजन ऑक्साइडं कमी व्हावीत म्हणून ही योजना. खोलला, तर आत काजळीचा एवढा थर, की एका बारशाला पुरला असता. साफ केला. गाडी तशीच. पेट्रोल पंपावरच्या पोरानं क्लच प्लेट सांगितली. क्लच सुटत असेल तर आरपीएम चढतात आणि वेग चढत नाही. इथं तर दोन्ही चढत नव्हते. म्हणजे निदान क्लच तरी शाबूत आहे, ह्या आनंदात मी त्याला दहा रुपये दिले.

वाईला पोचल्यावर सासूबाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि ॲक्सिलरेटरला हातही न लावता निदान केलं. "जावईबापू, दृष्ट लागलीय." लिंबू-मिरची समोरच्या जाळीला टांगली गेली. मी विरोध केला नाही. आतापर्यंतच्या उपचारांतला हा सर्वांत स्वस्त होता.

ह्या सगळ्या काळात घरात एकच प्रश्न सारखा विचारला जात होता, आणि तो गाडीबद्दल नव्हता.

"डिकीतला हिरवा टॉवेल कुठंय?"

मेहुण्याच्या लग्नात मला मानाचा टॉवेल-टोपीचा आहेर झाला होता, त्यातला हा टॉवेल. नॅपकिनपेक्षा मोठा, टॉवेलपेक्षा लहान; फक्त आहेरातच मिळतो तो आकार. सासूबाईंनी त्याच्या कोपऱ्यावर लाल दोऱ्याचा टाका घालून दिला होता, लग्नघरात कुणाशी बदलू नये म्हणून. त्यानं अंग पुसणं शक्य नव्हतं, पाणी त्याच्यावरून ओघळून जायचं. म्हणून वाईहून येताना लोणच्याची बरणी गुंडाळण्याच्या कामावर त्याची नेमणूक झाली होती.

"असेल कुठंतरी," मी म्हणायचो.

"कुठंतरी म्हणजे कुठं?"

"अगं, इथं बेचाळीस हजार पाण्यात गेलेत आणि तुला टॉवेलचं पडलंय!"

त्या खेपेला बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून आली. सुरूर फाट्यापर्यंत वर्तमानपत्रानं दम धरला. पुढं डिकीत जे झालं, त्यामुळं आमच्या गाडीला आजही मेथी आणि हिंगाचा वास आहे. पिकअप नसलेली, काळा धूर सोडणारी आणि वर लोणच्याचा वास येणारी गाडी. मी कॉलनीत शिरताना काचा वर करू लागलो.

शेवटी रात्री जागून मी स्वतःच अभ्यासाला बसलो. डिझेल हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मला माहीत होतं. पण त्या रात्री त्यांच्याशी जवळीक वाटली. रुडॉल्फ डिझेल ह्यांचं इंजिन १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्गला नीट चाललं. ठिणगी नाही, स्पार्क प्लग नाही. हवाच अशी काही दाबायची, की ती तापून लाल होते आणि आत डिझेल शिंपडलं की आपोआप पेटतं. हेच डिझेलसाहेब सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्रीतून नाहीसे झाले. का, ह्यावर पुष्कळ तर्क आहेत. माझा असा, की जेवणानंतर कुणीतरी त्यांना डेकवर गाठून म्हणालं असावं, "साहेब, बाकी सगळं ठीक आहे, पण पिकअप नाही."

त्या रात्रीचा खरा शोध हवेचा. एक लिटर डिझेल पूर्ण जाळायला साधारण दहा हजार लिटर हवा लागते. दहा हजार लिटर म्हणजे उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत येतो तो अख्खा टँकर. पंपावर आपण एक लिटरचे पैसे मोजतो आणि टँकरभर हवा गाडी परस्पर, फुकट ओढत असते. ती भराभर ओढता यावी म्हणून टर्बो. ह्या कल्पनेचं पेटंट आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं १९०५ मध्येच घेतलं होतं. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो, त्याच दांड्यावरचा दुसरा पंखा ताजी हवा आत कोंबतो. वेग मिनिटाला दीड-दोन लाख फेरे. आपला मिक्सर चटणी वाटताना ह्याच्या एक दशांशावर घर डोक्यावर घेतो. हवा कमी आणि डिझेल जास्त झालं, की ते अर्धवट जळतं आणि काळा धूर होतो. म्हणजे आमची गाडी जेवत होती व्यवस्थित, फक्त तिला श्वास घेता येत नव्हता. सकाळी मी हे मिस्त्रींना सांगितलं. माझ्या ज्ञानाकडं त्यांनी पेशंटनं आणलेल्या गूगलच्या प्रिंटआउटकडं डॉक्टर पाहतो तसं पाहिलं आणि म्हणाले, "स्कॅनर लावू."

स्कॅनरवाला पोरगा आला. स्टेअरिंगखाली वायर खुपसून कात्रजच्या जुन्या घाटात ट्रायल मारली. मांडीवरच्या पडद्यावर आकडे नाचत होते. रेल प्रेशर, म्हणजे डिझेलचा दाब, जागेवर तीनशे बारच्या आत, पाय दिला की हजाराच्या वर. म्हणजे डिझेल पंप, नोजल, सगळे निर्दोष. मग हवेचा आकडा. चढावर तो दोन बारच्या आसपास हवा. आमचा एकाच्या किंचित वर येऊन थांबायचा. पडद्यावर कोड उमटला, पी शून्य दोन नऊ नऊ.

"टर्बो प्रेशर कमी," पोरगा म्हणाला, अन् पैसे घेऊन गेला.

आता मिस्त्री हट्टाला पेटले. त्यांच्याबद्दल हे सांगायलाच हवं, की माणूस प्रामाणिक होता. एअर फिल्टर काढून पाहिला, चांगला. टर्बोचं तोंड उघडून दांडा बोटांनी हलवून पाहिला, खेळ नाही. पाती शाबूत. व्हॅक्यूमचा शेवयांएवढा पाइप तोंडानं ओढून पाहिला, टर्बोचा रॉड हलतो. पाइप कुठं फाटला असेल तर शीळ वाजते, वाजत नव्हती. साबणाचं पाणी लावलं, बुडबुडा नाही. हात पुसत ते माझ्यासमोर उभे राहिले.

"साहेब, टर्बो चांगलाय, पाइप चांगलेत, फिल्टर चांगला, पंप चांगला."

"मग?"

"मग टर्बोच गेलाय."

हे तर्कशास्त्र मला नवं होतं, पण माझ्याकडं दुसरं नव्हतं. नवा टर्बो बत्तीस हजार, पंधरा हजार ॲडव्हान्स. मी मोबाइल काढला. पिन टाकताना मला खंबाटकीतली ती म्हैस आठवली.

चौथा आकडा टाकायचा राहिला होता, इतक्यात बारक्या आला. बारक्या म्हणजे गॅरेजमधला हरकाम्या पोरगा. गावच्या जत्रेला म्हणून गेला होता तो महिनाभरानं उगवला होता, कपाळाला गुलाल नि हातात पेढ्यांचा पुडा. त्यानं आधी मिस्त्रींना पेढा दिला, मग मला दिला, मग उघड्या बॉनेटकडं पाहिलं.

"शेठ, ही अजून इथंच? पाइपातलं फडकं काढलं न्हवं?"

कंप्रेसर तेवढ्यात बंद पडला, म्हणून शांतता जरा जास्तच जाणवली.

"कुठलं फडकं?" मिस्त्री पेढा तोंडात तसाच ठेवून म्हणाले.

"हेड उतारल्यावर नट आत पडू नये म्हनून कोंबलं हुतं की! शेपूट बाहेर ठिवलं हुतं मी."

शेपूट त्याच्यामागून काम करणाऱ्या दुसऱ्या पोरानं पाहिलं होतं, आणि काम नीटनेटकं दिसावं म्हणून बोटानं आत सारून वरून पाइप आणि क्लॅम्प आवळून टाकला होता. सावकाश चालताना त्या फडक्याच्या बाजूनं थोडी हवा जायची. पाय दिला, की टर्बो त्याला ढकलत नेऊन पुढच्या वळणात बुचासारखा बसवायचा. दोन लाख फेऱ्यांनी एक यंत्र महिनाभर एका फडक्याशी झुंजत होतं आणि फडकं जिंकत होतं.

मिस्त्रींनी दोन क्लॅम्प सैल केले, टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडून येणारा पाइप मोकळा केला आणि आत दोन बोटं घातली. जादूगाराच्या टोपीतून रुमाल निघावा तसं ते निघू लागलं. काळं, तेलकट, निघतंय निघतंयच. शेवटी एक कोपरा आला. त्या कोपऱ्यावर, सगळ्या काजळीतून, लाल दोऱ्याचा टाका दिसत होता.

मी मोबाइल खिशात ठेवला.

कात्रजचा जुना घाट त्या दुपारी आम्ही तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. पहिल्या किलोमीटरला गाडीनं महिन्याभराची सगळी काजळी एकदम ओकली, मग तो जुना धक्का पाठीत बसला आणि मागच्या सीटवरचा बारक्या "आयला!" म्हणाला. मिस्त्री काही बोलले नाहीत. पैसेही घेतले नाहीत. फक्त उतरताना त्यांनी टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, दोन्ही हातांनी माझ्याकडं दिला.

घरी मी ती पिशवी गुपचूप कचऱ्यात टाकणार होतो. पण बायकोला लोणच्याच्या वासातूनही डिझेलचा वास आला.

"हा काय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, म्हणजे बारक्या, शेपूट, क्लॅम्प. फडकं मूळ कुणी दिलं, तेवढं मोघम ठेवलं. तिनं टॉवेल चिमटीत धरून उजेडाकडं नेला, टाका पाहिला आणि शांतपणे म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून काय विचारत होते?"

मी पाणी प्यायला गेलो.

संध्याकाळी वाईहून फोन आला. बायको बाथरूममध्ये बादलीवर वाकली होती. तिसरं पाणी होतं आणि तेही शाईसारखं काळं. फोन मीच घेतला.

"जावईबापू, झाली म्हणे गाडी बरी? लिंबा-मिरचीचा गुण आला बघा!"

बायकोनं ओल्या हातानंच मला खूण केली. मानाच्या टॉवेलचं नाव काढायचं नाही.

"आला," मी म्हणालो. "चांगलाच आला."