आस्कंद घेताय? मग डॉक्टरांच्या कानावर घालाच

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर पूर्वी अश्वगंधा, म्हणजेच आस्कंद, मागायची ती अशक्तपणा आलेली वयस्कर माणसं, नाहीतर व्यायामशाळेत जाणारी पोरं. आता मागणारे वेगळेच असतात. परीक्षेचं टेन्शन घेतलेली मुलं, रात्रपाळी करणारे आयटीवाले, झोप उडालेल्या आणि दिवसभर जीव घाबरा होणाऱ्या बायका. "मन शांत राहतं म्हणे, रील पाहिलं." आणि लगेच पुढे, "आयुर्वेदिकच आहे ना, त्याला कसला साईड इफेक्ट?"

ही पोस्ट त्या शेवटच्या वाक्यासाठी आहे.

मी अश्वगंधेच्या विरोधात नाही. आस्कंदाचं मूळ आपले वैद्य पिढ्यान्‌पिढ्या वापरत आलेत. ताणावर त्याचा उपयोग होतो याला आजच्या पद्धतीचा थोडा पुरावाही आहे. २०१२ साली 'इंडियन जर्नल ऑफ सायकॉलॉजिकल मेडिसिन'मध्ये एक अभ्यास छापून आला. ताणाखाली असलेली ६४ माणसं. निम्म्यांना मुळाचा अर्क, ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. बाकीच्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली कॅप्सूल. ६० दिवसांनी अर्कवाल्यांचा ताण जास्त कमी झाला, रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणात वाढणारं हार्मोन, तेही उतरलं. पुढे आणखी अभ्यास झाले, निष्कर्ष साधारण त्याच दिशेचे. पण बहुतेक सगळे लहान आणि दोन-तीन महिन्यांत आटोपलेले. वर्षानुवर्षं रोज घेणाऱ्याचं काय होतं, हे त्यातून कळत नाही. शिवाय ताण आणि चिंता वेगळी, डिप्रेशन वेगळं. डिप्रेशनवर अश्वगंधा एकटी पुरेल असं म्हणण्याइतका पुरावा आज नाही.

माझं म्हणणं साधं आहे. जी गोष्ट कॉर्टिसॉल हलवू शकते, ती शरीरात बाकी काहीच हलवणार नाही, असं कसं होईल? गुण येतो म्हणता, तर ते औषध आहे. आणि औषध म्हटलं की मात्रा आली, मुदत आली, कुणाला द्यायचं नाही हेही आलं.

आमच्याकडे दर महिन्याला थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉईड कमी पडतं त्याची गोळी, न्यायला येणाऱ्या एक मावशी आहेत. मुलाने ऑनलाइन अश्वगंधेच्या गमीज, म्हणजे चघळायच्या गोळ्या, मागवून दिल्या होत्या. मावशी एकदा म्हणाल्या, "हल्ली छातीत धडधडतं गं, हात थरथरतात, वजनही उतरलंय." मी विचारलं, नवीन काही सुरू केलंय का? "नाही गं, औषध काहीच नाही." पिशवीतून गमीजची बाटली निघाली ती मी दुसऱ्यांदा, "टॉनिक, पावडर, काढा काही?" असं खोदून विचारल्यावर. डॉक्टरांनी टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, करायला लावला. तो फारच खाली गेलेला, म्हणजे अंगात थायरॉईडचं हार्मोन जास्त झालेलं. गमीजमुळेच गेला असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण अश्वगंधेने थायरॉईडची पातळी वाढू शकते हे माहीत असलेली गोष्ट आहे, आणि त्यांच्या डॉक्टरांना मात्र त्या बाटलीचा पत्ताच नव्हता.

सगळ्यात जास्त मला हे खुपतं. वैद्याकडे गेलं तर ते नाडी बघतात, पोट विचारतात, किती दिवस घ्यायचं ते सांगतात. गमी वैद्याने दिलेली नसते आणि डॉक्टरांना सांगितलेली नसते. दोघांच्याही नजरेआड रोज दोन-दोन चघळल्या जातात.

यकृताचंही ऐका. २०२० मध्ये आइसलँड आणि अमेरिकेतल्या पाच रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली. अश्वगंधा घेतल्यावर कावीळ, अंगाला प्रचंड खाज. चौघे बरे झाले, पण काहींना त्यात महिने गेले; पाचव्याचं पुढे काय झालं ते कळलं नाही. भारतातूनही, केरळमधून, असे रुग्ण नोंदवले गेलेत. हे क्वचित होतं, घाबरवायचा हेतू नाही. पण घेत असाल आणि लघवी गडद झाली, डोळे पिवळे वाटले, खाज थांबेना, तर त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टर गाठा. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये अश्वगंधेवर बंदीच घातली. ती मला टोकाची वाटते, आपल्याकडच्या जाणकारांनीही त्यावर आक्षेप घेतलेत. पण "काहीच होत नाही" हे दुसरं टोक झालं.

दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर स्वतःच्या मनाने नकोच. झोपेच्या गोळ्या, शुगरच्या, बीपीच्या, थायरॉईडच्या गोळ्या चालू असतील, आमवातासारखा प्रतिकारशक्तीचा आजार असेल, तर विचारल्याशिवाय नको.

बाटली हातात घेतलीत तर मागचं बारीक अक्षर वाचा. सप्लिमेंट म्हणून विकलेल्या बाटलीवर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असं लिहिलेलं असतं. पुढच्या बाजूला मात्र शांत झोपलेल्या बाईचं चित्र. मूळ वापरलंय की पान, तेही बघा. पानं वापरू नका असं आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना कळवलं होतं. आणि चूर्णाचं माप अर्काला लावू नका. चूर्ण ३ ते ६ ग्रॅम सांगतात, अर्क म्हणजे तेच आटवून दाट केलेलं. चमच्याने अर्क खाणारेही मी पाहिलेत.

अमेरिकेतून येणाऱ्या लेकी-सुनांनाही एक विनंती. आई उदास असते म्हणून तिकडून सेंट जॉन्स वर्ट, ही उदासीवर घेतात ती तिकडची वनस्पती, आणू नका. सौम्य डिप्रेशनवर त्याचा उपयोग होतो हे खरं, पण मानसोपचाराच्या गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरू शकतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचा आणि गर्भनिरोधक गोळ्यांचाही असर ते कमी करतं.

आणि कृपा करून, चालू असलेली डिप्रेशनची गोळी बंद करून त्याजागी अश्वगंधा सुरू करू नका. "ही सवयीची असते, ती नैसर्गिक" असं म्हणत लोक हे करतात, मी रोज बघते. गोळी अचानक सोडली की चक्कर, चिडचिड, झोपेचा विचका होतो आणि आजार उलटू शकतो. कमी करायचीच असेल तर ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारा. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उठत नसेल, जेवणखाण सुटलं असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर माझ्यासारख्या मेडिकलवालीकडे बाटली मागायला येऊ नका. १४४१६ फिरवा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं.