किरकोळ बदल

गणपती दोन दिवसांवर, रात्री नऊला वाकडहून रत्नागिरीची बस, आणि संध्याकाळी पाच चाळीसला गिटनं, म्हणजे कोडमधले बदल सांभाळणाऱ्या प्रणालीनं, मला कळवलं की माझं आणि सहकारी नागपूरकराचं जमत नाही. हे ऑफिसात सगळ्यांना आधीपासून माहीत होतं. गिटनं फक्त फाइलींची नावं सांगितली. तीन फाइली, आणि आत मोजली तर भांडणाची ६१ ठिकाणं.

आम्ही हाउसिंग सोसायट्यांच्या मेंटेनन्स बिलांचं सॉफ्टवेअर करतो. एकाच कोडमध्ये नऊ जणांचे हात. मी माझ्या वेगळ्या ब्रांचवर, म्हणजे कोडच्या स्वतंत्र प्रतीवर, थकबाकीच्या व्याजाचा हिशेब १९ दिवस लिहीत बसले होते. तेवढ्यात नागपूरकरानं सगळ्यांच्या सामायिक मेन ब्रांचवर त्याच फाइलींवरून फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी एकसारखी करणारं साधन, फिरवला. टॅब गेले, स्पेस आल्या. १,४०० ओळी. कमिटचा, म्हणजे बदलाच्या नोंदीचा, मेसेज: ‘किरकोळ बदल’.

गिटला कोडचा अर्थ कळत नाही, ओळी कळतात. एक स्पेस हलली की त्याच्या लेखी ओळ बदलली. (स्पेसकडे दुर्लक्ष कर, असं त्याला सांगता येतं. हे मला गणपती उठल्यावर कळलं.) मग ते तुमच्या फाइलीत घुसून सात बाण डावीकडे काढतं, मध्ये बरोबरची सात चिन्हं, खाली सात बाण उजवीकडे. वर एकाचं म्हणणं, खाली दुसऱ्याचं, निवाडा तुम्ही करा. मी स्क्रीनला नाक लावून पाहिलं. वर ‘व्याज बरोबर थकबाकी गुणिले दर’. खाली ‘व्याज बरोबर थकबाकी गुणिले दर’. दोघांचं एकमत आहे आणि तरी भांडण पेटलंय, हे मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेतच पाहिलं होतं.

सहा वाजता मी शहाणपणा केला. मर्ज, म्हणजे दोन ब्रांच एकत्र करणं, सोडून रीबेस लावला, म्हणजे माझे बदल मेन ब्रांचवर एकेक करून पुन्हा चढवायला घेतले. भांडण आलं की ‘अवर्स’ घ्यायचं की ‘देअर्स’, एवढंच ठरवायचं असतं. आमचं ते आमचं, म्हणून मी डोळे झाकून अवर्स घेतलं. रीबेसमध्ये अवर्स म्हणजे ज्यांच्या घरात आपण चाललोय त्यांचं, आणि देअर्स म्हणजे आपलं स्वतःचं. लग्नाला चौदा वर्षं झालेल्या बाईला हे कळायला हवं होतं. ‘आपल्याकडे असं करत नाहीत’ यातलं ‘आपल्याकडे’ म्हणजे नक्की कोणाकडे, हे मी पहिल्या मंगळागौरीलाच शिकले होते. तरी फसले. १९ दिवसांचं काम गेलं, आणि गिटनं ‘यशस्वी’ असं लिहून वर शाबासकीही दिली.

टीम लीडनं मान वर न करता एकच शब्द उच्चारला, “रीफ्लॉग.” रीफ्लॉग म्हणजे ब्रांच कधी कुठे होती याची गिटनं ठेवलेली नोंदवही. तिथे सगळं सापडलं. गिट काही लगेच फेकत नाही. कुठल्याच ब्रांचला नको असलेला कमिटसुद्धा ते साधारण ३० दिवस जपून ठेवतं. आमच्या सासूबाई श्रीखंडाचे रिकामे डबे ठेवतात तसंच, फक्त ३० दिवसांची अट सासूबाईंना लागू नाही.

काम परत मिळालं, पण भांडण जिथल्या तिथे. घरचे सगळे पुढे गेलेले. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसमध्ये बसले. गिटची ही एक सोय खरंच चांगली आहे की अख्खा इतिहास आपल्याच मशीनवर असतो, कमिट करायला नेट लागत नाही. मुळात ते जन्मलंही भांडणातूनच. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड आधी बिटकीपर नावाच्या प्रणालीत असायचा. तिथली फुकटची सोय बंद झाली, तेव्हा एप्रिल २००५ मध्ये लिनक्सचा कर्ता लिनस टोरव्हाल्ड्सनं स्वतःच गिट लिहायला घेतलं, आणि थोड्याच दिवसांत ते आपला स्वतःचा कोड सांभाळायला लागलं. इंग्लंडात ‘गिट’ ही शिवी आहे. आपण प्रकल्पांना आपलंच नाव देतो, आधी लिनक्स, आता गिट, असं तो म्हणाला होता. त्यानं थोड्या दिवसांत लिहिलेलं मी अकरा वर्षं वापरतेय, आणि अजून कमांड नोटपॅडच्या एका फाइलीतून चिकटवते. त्या फाइलीच्या तीन प्रती आहेत. त्या एकमेकींशी जुळत नाहीत.

सातारा गेल्यावर पलीकडच्या सीटवरचे काका म्हणाले, “ताई, वाद कसला आहे? मघापासून बघतोय, वरचं हिरवं ठेवता, खालचं निळं पुसता.”

काका निवृत्त तलाठी. मी सांगायला लागले, तर त्यांनी तिसऱ्या वाक्याला थांबवलं. “म्हणजे आज फाइलीत दिसतं तो सातबारा. कोणी, कधी, काय बदललं ते फेरफार. हेच ना?”

हेच. नव्या पोरांना गिट समजावताना मी आजवर झाडं काढली, फांद्या काढल्या, एकदा तर पुणे स्टेशनातले रूळ काढले. सातबारा सुचला नाही.

“मग फेरफार मंजूर कोण करतं?”

“रिव्ह्यू असतो. दुसऱ्या कोणीतरी वाचून मान्य करायचं.”

“हरकतीची मुदत किती?”

नागपूरकराच्या बदलाला किती वेळ लागला ते नोंदीतच होतं. “चार मिनिटं.”

काकांनी कानटोपी वर सरकवली. “आम्ही नोटीस काढून पंधरा दिवस द्यायचो. मग मंडळ अधिकारी सही करायचे. तरी लोक कोर्टात जायचे. चार मिनिटांत १,४०० ओळी मंजूर कोणी केल्या?”

मी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर काही दिसत नव्हतं. मंजूर मीच केल्या होत्या. ‘किरकोळ बदल’ वाचून, एका हातात चहा धरून, ‘लुक्स गुड टू मी’.

काकांनी सभ्यपणे विषय बदलला. सगळेच वाद असे दिसतात का, म्हणाले. म्हटलं, न दिसणारे जास्त वाईट. गेल्या महिन्यात मी रकमेचं एक फंक्शन बदललं, उत्तर रुपयांऐवजी पैशांत द्यायला लावलं. त्याच दिवशी नागपूरकरानं दुसऱ्या फाइलीत तेच फंक्शन रुपये समजून वापरलं. ओळी वेगळ्या, फाइली वेगळ्या, त्यामुळे गिटला भांडण दिसलंच नाही. चाचणीच्या सर्व्हरवर वन बीएचकेला महिन्याचं बिल आलं २,३५,००० रुपये.

“म्हणजे बांध जागेवर, पाणी भलतीकडे,” काका म्हणाले.

कराडनंतर आम्ही दोघं मिळून निवाडे करत होतो. ओळ कोणी लिहिली हे सांगणाऱ्या कमांडचं नाव ‘ब्लेम’. सबव्हर्जन या गिटच्या आधीच्या प्रणालीत याच कमांडला ‘प्रेज’ (कौतुक) असंही म्हणता येतं, पण आमच्याकडे सबव्हर्जन होतं तेव्हाही तसं कोणी म्हटल्याचं आठवत नाही. फॉरमॅटरच्या कृपेनं आता प्रत्येक ओळीपुढे नागपूरकराचंच नाव येत होतं. माझी २०१६ सालची पापंसुद्धा त्याच्या खात्यावर. एक क्षण वाटलं, राहू द्यावं असंच.

साठ ठिकाणी फक्त स्पेसचा फरक होता. एकसष्टाव्या ठिकाणी काकांनी सीटवरून वाकून बोट ठेवलं. “इथे वर ३६५ आहे आणि खाली ३६०. हे पाच दिवस कुठे गेले?”

मी बघतच राहिले. वर्षाचे दिवस ३६० धरले की रोजचं व्याज वाढतं. हजार फ्लॅटच्या थकबाकीवर तो फरक सभासदांच्या खिशातून जाणार होता, आणि तो ‘किरकोळ बदल’ या नावाखाली, माझ्या मंजुरीनं, आठवडाभर मेन ब्रांचवर आरामात बसला होता.

३६५ परत घातलं. आंबा घाटात नेट नव्हतं, तरी कमिट झाला. मेसेज मी सविस्तर लिहिला, काकांच्या आग्रहाखातर तारखेसकट आणि कारणासकट. ‘सबब’ हा शब्द तेवढा मी घालू दिला नाही.

पाली आली तेव्हा उजाडत होतं. मोबाइलला नेट आलं, मी पुश केलं, म्हणजे बदल सर्व्हरकडे पाठवले. गिटनं ते नाकारलं. तुम्ही यायच्या आधी मेन ब्रांचवर कोणीतरी काहीतरी टाकलंय, आधी ते घ्या. उघडून पाहिलं. रात्री एक पन्नास. नागपूरकर. ‘किरकोळ बदल २’.

काका पिशवी काढायला उठले होते. त्यांनी स्क्रीनवरची लाल ओळ पाहिली.

“हरकत आली वाटतं,” म्हणाले.