चंद्रतालची तारीख ठरवण्यापूर्वी

गौरी-गणपती आटोपले की आपल्या कोकणातल्या मंडळींना फिरण्याचे वेध लागतात. भातकापणीला अजून अवकाश असतो, पावसाचा जोर ओसरलेला असतो आणि चाकरमान्यांची उरलेली रजा खुणावत असते. गेल्या काही वर्षांत या दिवसांत हिमाचलमधल्या चंद्रताल सरोवराला जाणाऱ्यांची संख्या वाढली आहे आणि जो तो मला एकच प्रश्न विचारतो : कोणती तारीख धरावी? माझे स्पष्ट मत असे आहे की तारखेचा विचार नंतर करावा. आधी हाताशी किती दिवस मोकळे राहू शकतात, हे पाहावे.

चंद्रताल लाहौल-स्पिती जिल्ह्यात सुमारे 4,250 मीटर उंचीवर आहे आणि साधारणपणे जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतच तेथे जाता येते. या मोजक्या महिन्यांतही हवामानाचा भरवसा नसतो. जुलै 2023 मध्ये, म्हणजे ऐन पर्यटनाच्या हंगामात, तेथे बर्फ पडून रस्ता बंद झाला आणि तंबूंत अडकलेल्या अडीचशेहून अधिक पर्यटकांना बाहेर काढावे लागले. त्याआधी 2018 मध्ये, येथे आपण अनंत चतुर्दशीच्या विसर्जनात गुंतलो होतो त्याच सुमारास, म्हणजे सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात, लाहौल-स्पितीत अवेळी हिमवृष्टी होऊन शेकडो माणसे अडकली होती. तेव्हा ‘पाऊस संपल्यावर जाऊ’ हा आपला आडाखा तेवढासा पक्का नाही. मान्सून माघारी फिरत असला तरी पश्चिमेकडून येणारा एखादा विक्षोभ, म्हणजे कमी दाबाचा पट्टा, तेवढ्या उंचीवर पावसाऐवजी बर्फ आणतो.

अडचण केवळ थंडीची असती तर जाड कपड्यांनी भागले असते. खरी अडचण बाहेर पडण्याच्या वाटांची आहे. सरोवराकडून स्पितीतल्या काझाकडे उतरायचे तर आधी सुमारे 4,550 मीटरची कुंझुम खिंड चढून ओलांडावी लागते, आणि मनालीकडे जायचे तर बातल, छत्रू या मार्गाने नाले पार करावे लागतात. हे नाले हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्यावर वाहतात. सकाळी घोट्याइतके असलेले स्वच्छ पाणी ऊन चढल्यावर दुपारी गढूळ होऊन फुगते, आणि तळाचे गोटे एकमेकांवर आपटल्याचा आवाज गाडीच्या बंद काचेतूनही ऐकू येतो. म्हणून तेथले चालक पहाटे निघण्याचा आग्रह धरतात, आणि त्यांच्याशी हुज्जत घालणाऱ्या पर्यटकांचे मला नवल वाटते. आपल्याकडे बंदरावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढला असताना ‘आमची सुट्टी आजच आहे’ असे सांगून तांडेलाला होडी काढायला लावण्याची कोणाची छाती होईल का?

त्यात आपण समुद्रसपाटीवरची माणसे. चंद्रतालच्या उंचीवर हवेचा दाब किनाऱ्याच्या जेमतेम साठ टक्के असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू तितकाच कमी मिळतो. तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत पाचशे मीटरहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. मनालीहून निघून त्याच रात्री चंद्रतालला झोपणारा पर्यटक तो सरळ धुडकावतो. उंचीचा त्रास वाढला तर खाली उतरणे हाच खरा उपाय, आणि नेमकी तीच वाट बर्फाने बंद होऊ शकते. म्हणूनच मला शिमला, किन्नौर, काझा असा लांबचा मार्ग पसंत आहे. उंची हळूहळू वाढते, आणि काझ्यात थांबून शिमल्याच्या हवामान केंद्राचा अंदाज पाहता येतो. सरोवराजवळ मोबाइलला रेंज मिळेल या भरवशावर कोणी राहू नये, त्यामुळे पुढे जायचे की नाही हा निर्णय काझ्यातच घ्यावा. मात्र जिल्ह्याचा अंदाज वाचताना एक भान ठेवावे : लाहौल आणि स्पिती मिळून जिल्हा अवाढव्य आहे, आणि काझ्यात लख्ख ऊन असताना खिंडीत बर्फ पडत असू शकतो. खिंडीतून नुकत्याच आलेल्या चालकाला विचारणे मला अधिक विश्वासाचे वाटते.

हे सारे जमायचे तर किमान दोन दिवस राखीव हवेत आणि ते काझ्यासाठीच हवेत. घरी परतल्यावरच्या विश्रांतीचे दिवस त्यात धरू नयेत. रेल्वेचे आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होते, म्हणजे तिकीट काढताना हवामान कोणालाच ठाऊक नसते. तेव्हा परतीचे तिकीट या दोन दिवसांनंतरचे काढावे आणि तंबूचे पैसे आगाऊ भरण्यापूर्वी रस्ता बंद झाल्यास परत मिळतील का, हे लेखी विचारावे. पैसे अडकले की माणूस खराब हवेतही पुढे जातो, हे सहल कंपन्यांना पक्के ठाऊक असते.

ज्यांच्याकडे प्रवास धरून मोजून सहा दिवसांची रजा आहे, त्यांनी यंदा चंद्रतालचा नाद सोडावा, असे मी स्पष्टच सांगतो. मनालीहून अटल बोगद्याने पलीकडे उतरले की सिस्सू लागते. तेथे लहानसा तलाव आहे, समोर धबधबा आहे आणि संध्याकाळी मनालीला मुक्कामाला परतता येते.